घोषणापत्रानंतरचे काम
सार्वत्रिक आरोग्य संरक्षणासाठी, म्हणजे प्रत्येकाला आर्थिक झळ न बसता उपचार मिळावेत यासाठी, जागतिक नेतृत्व हवे, हे याविषयीच्या लेखातील प्रतिपादन मान्य आहे. परंतु सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार करणाऱ्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यापासून संयुक्त राष्ट्रांच्या याच विषयावरील २०१९ मधील राजकीय घोषणापत्रापर्यंत शब्दांची वानवा कधीच नव्हती. थायलंडने १९९७ च्या आर्थिक संकटाची झळ ओसरते न ओसरते तोच, २००२ मध्ये, करांच्या पैशातून सर्वांसाठी आरोग्य योजना उभी केली आणि रुग्णाकडून एका भेटीचे केवळ ३० बाथ (थायलंडचे चलन) घेतले. हे साधले, कारण ग्रामीण रुग्णालयांचे जाळे त्याआधीच विणले गेले होते. देणगीदार देश मात्र एकेका रोगासाठी स्वतंत्र निधी देतात (त्याचा हिशेब दाखवणे सोपे असते, हेही खरे), आणि प्राथमिक केंद्रातील परिचारिकेचा पगार कोणाच्याच यादीत बसत नाही.