रिचमंड मूळचं लंडनचं नव्हे

एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: रिचमंड हे मूळ लंडनजवळचं, टेम्सकाठचं गाव, राजे-सरदार राहायचे म्हणून त्याला ‘श्रीमंतांची टेकडी’ हे नाव पडलं, आणि जगातली सगळी रिचमंडं त्याच्यावरूनच निघाली. यातली पहिली दोन विधानं साफ चूक आहेत. तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच.

आधी मूळ गावाचं पाहू. टेम्सकाठच्या या गावाचं जुनं नाव शीन. ते पुसलंही गेलेलं नाही. ईस्ट शीन आणि नॉर्थ शीन हे भाग आजही शेजारीच आहेत. 1497च्या नाताळात शीनचा राजवाडा जळाला. सातव्या हेन्रीने तो नव्याने बांधला आणि 1501च्या सुमारास त्याला रिचमंड म्हणायला सुरुवात केली. कारण राजा होण्याआधी त्याची ओळख ‘अर्ल ऑफ रिचमंड’ अशी होती. हा किताब त्याच्या वडिलांना, एडमंड ट्यूडर यांना, 1452मध्ये मिळाला होता, आणि त्यातलं रिचमंड म्हणजे पार उत्तरेला यॉर्कशरमध्ये, स्वेल नदीवर असलेलं. तिथला किल्ला आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचा सरदार ॲलन रूफस याने 1071च्या सुमारास बांधायला घेतला. म्हणजे टेम्सकाठचं नाव चारशेहून जास्त वर्षांनी धाकटं!

आता ‘श्रीमंत’. नाव इंग्रजी नाहीच, ते नॉर्मन लोकांबरोबर आलेल्या जुन्या फ्रेंचमधलं आहे: ‘रिच’ आणि ‘मों’, म्हणजे डोंगर. त्या काळच्या ‘रिच’ला बलाढ्य, सत्तावान हा अर्थ होता, जर्मन ‘राइश’ त्याच कुळातला. नदीवरच्या कड्यावर बांधलेल्या किल्ल्याला ‘बळकट टेकडी’ हे नाव शोभतंच. फ्रान्समध्येही रिशमों नावाची बरीच गावं आहेत. गंमत म्हणजे आजच्या फ्रेंचमध्ये त्या ‘च’चा ‘श’ झाला. जुना उच्चार इंग्रजांनी जपला.

राहिला प्रसार. अमेरिकेतलं व्हर्जिनियाचं रिचमंड खरोखरच टेम्सवरून आलेलं आहे. विल्यम बर्ड (दुसरा) याला जेम्स नदीचं वळण रिचमंड हिलवरून दिसणाऱ्या टेम्ससारखं वाटलं, आणि 1737मध्ये तिथे शहराची आखणी झाली. पण या एका उदाहरणावरून बाकीची मोजायची नसतात. पुण्यातलं शिवाजीनगर आणि मुंबईतलं शिवाजीनगर एकमेकांवरून पडलेली नाहीत, तसंच हे. नाव सारखं दिसलं की लोक थेट गावाला गाव जोडतात आणि मधला माणूस विसरतात. म्हणून प्रत्येक रिचमंडबाबत आधी नाव कोणत्या साली पडलं ते बघावं, मग त्या वेळी तिथे सत्ता कोणाची होती ते, आणि रिचमंडच्या ड्यूकचा (हाही यॉर्कशरच्या रिचमंडवरून आलेला सरदारी किताब) तिथे काही संबंध होता का ते.

न्यूयॉर्कमधली रिचमंड काउंटी, म्हणजे स्टेटन आयलंड, 1683ची. तिचं नाव दुसऱ्या चार्ल्सचा अनौरस मुलगा चार्ल्स लेनक्स, रिचमंडचा पहिला ड्यूक, याच्यावरून. कॅनडात ओटावाजवळचं रिचमंड 1818मध्ये वसलं, ते चौथ्या ड्यूकवरून. तो तेव्हा तिथला गव्हर्नर होता; पुढच्याच वर्षी त्याच गावाजवळ रेबीजने गेला. या दोन्ही नावांचा माग काढत मागे गेलं तर वाटेत ड्यूकचा किताब लागतो आणि शेवटी यॉर्कशर. टेम्स कुठेच लागत नाही.