पडताळणी भाडेकरूंची, बंद बंगल्यांचं काय?

लेखात म्हटलंय की भाडेकरूंची पोलीस पडताळणी काटेकोर झाली की गावात कोण राहतं ते कळेल. पडताळणी हवीच, वाद नाही. पण तो फॉर्म ठाण्यात जातो, शेजाऱ्याला त्यातून काय कळणार? आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट-शामेळ ही वाद्यं घेऊन घरोघर आरत्या होतात, शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या सणात, वाजत-गाजत मेळ दारोदार फिरतो, पौषात बायका मांडावर (गावाच्या सामायिक अंगणात) धालो हा गाण्या-नाचाचा खेळ खेळतात. नवीन सून कुठल्या गावची, कोणाचा मुलगा बोटीवर गेला, कोण आजारी, सगळं तिथेच समजतं. (नको तेही समजतं, ते सोडा!)

मला खरी अडचण वाटते ती सेकंड होमवाल्यांची. उंच कंपाउंड, कुलूप लावलेलं गेट. ते भाडेकरू नाहीत, म्हणून पडताळणी नाही. ग्रामसभेलाही फिरकत नाहीत. पावसात त्यांचा माड आमच्या वीजतारेवर पडला तर फोन कोणाला करायचा? पंचायतीने घरपट्टी घेतानाच मालकाचा चालू नंबर पंचांकडे आणि लगतच्या दोन घरांत द्यायला लावावा. एवढं तरी जमेल ना?