‘प्यायल्यावर बोलतो, मनावर घेऊ नका’ असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. त्यात म्हटलंय: व्यसनी माणूस प्यायल्यावर ‘मरून जातो’ म्हणतो, ते मनावर घेऊ नका. ज्याला खरंच मरायचं असतं तो बोलून दाखवत नाही. उलट विचारत बसलात तर नसलेलं डोक्यात भरवाल. आधी दारू सोडवा, डिप्रेशनचं नंतर बघू.

मी व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात आहे. लोक चांगल्या हेतूनेच हे पुढे पाठवतात, पण यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि पहिला तर जीवघेणा आहे.

नशेतलं बोलणं सकाळी विसरलं जातं, हे खरं. पण धोका सकाळ व्हायच्या आधीच्या तासांतच असतो. दिवसभर मुलांचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून जो स्वतःला आवरतो, त्याचा तोच लगाम दारू सैल करते. म्हणून तो प्यायलेला असेल तर जास्त लक्ष द्यायचं. त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि घातक वस्तू हाताशी ठेवू नका, त्या रात्री वाद घालू नका. आणि शुद्धीवर आल्यावर तो विषय नक्की काढा. मे १९८५ मध्ये सोव्हिएत संघात दारूवर कडक निर्बंध आले, तेव्हा आत्महत्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. मोहीम ढिली पडल्यावर ते पुन्हा चढलं. नशेतले विचार पोकळ असते, तर असं झालं नसतं.

‘खरा मरणारा सांगत नाही’ हे तर मला ऐकवत नाही. पुष्कळ जण सांगतात, फक्त आडून. ‘आता माझा त्रास नाही होणार तुम्हाला.’ किंवा कधी कागदपत्रांना हात न लावणारा माणूस अचानक विम्याची फाइल कुठे आहे ते दाखवून ठेवतो. ज्याने पूर्वी प्रयत्न केलाय, त्याला ‘नाटकी’ म्हणणं सगळ्यात वाईट, कारण आधीचा प्रयत्न ही धोक्याची मोठी खूण आहे. तरीही प्रयत्नातून वाचलेल्या दहापैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. म्हणजे वाचवण्याला अर्थ आहे, दर वेळी.

विचारल्याने विचार येत नाही. यावरच्या अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात विचारण्यामुळे असे विचार वाढल्याचं दिसलं नाही. मी एकाला सरळ विचारलं होतं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हात थरथरत होते, पाण्याचा ग्लास त्याने खाली ठेवला. म्हणाला, ‘दार लावता का?’ मग जे बोलला, ते घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आता ‘आधी दारू, मग डिप्रेशन’. यात थोडं तथ्य आहे: दारू थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत अनेकांची उदासी बरीच ओसरते, म्हणून डॉक्टर कधी कधी थोडं थांबून बघतात. पण ते थांबणं नजरेखालचं असतं. मरणाचे विचार असतील तर थांबायचं नाही. फिनलंडमध्ये १९८७-८८ मधल्या आत्महत्यांचा तपशिलात अभ्यास झाला. नमुन्यातल्या ९३ टक्के व्यक्तींना मानसिक आजार होता; नैराश्य ५९ टक्क्यांना, दारूचं व्यसन किंवा घातक सेवन ४३ टक्क्यांना. बहुतेकांत एकाहून जास्त आजार एकत्र होते. एकाच माणसात गुंतलेले आजार रांगेत उभे करून कसे चालतील? दोन्हींवर उपचार सोबतच हवेत. आत्महत्येचा धोका कमी करणारी औषधंही आहेत, आजाराप्रमाणे वेगवेगळी: मूडच्या आजारांत लिथियम, स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारात क्लोझापिन, अफूवर्गीय (हेरॉइनसारख्या) व्यसनात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन.

आणि ‘सोडवा’ म्हणजे घरी कोंडून नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. अफूवर्गीय नशेतून बाहेर आलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. पुन्हा जुनाच डोस घेतला तर तो जीवावर बेततो.

घरच्यांनी एक करावं. माणूस शुद्धीत असताना त्याच्यासोबत बसून एका कागदावर लिहा: विचार यायला लागल्याच्या खुणा, तेव्हा काय करायचं, कोणाला फोन करायचा, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर. कागद त्याच्या खिशात राहू द्या. मानसोपचार वॉर्डातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात नाजूक असतात. डिस्चार्जच्या कागदावर पुढची तारीख महिन्यानंतरची असेल, तर पहिल्या आठवड्यातली मागून घ्या.