‘दोन स्क्रू आणि एक वायर’वाल्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांनी तोच बहिणीने पाठवला, मग एका जुन्या गिऱ्हाईकाने. त्यात लिहिलंय की घरी कॅमेरे बसवणं म्हणजे दोन स्क्रू आणि एक वायर, त्यामुळे किट ऑनलाइन मागवा आणि स्वतः लावा. वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) म्हणजे लूट, कारण कॅमेऱ्यात बिघडण्यासारखं काही नसतं. बसवणारा पासवर्ड स्वतःकडे ठेवतो आणि तुमचं घर बघत बसतो. आणि कॅमेरा लागला की चोर फिरकत नाही. मी चौदा वर्षं मुंबईत हेच काम करतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

भोक पाडायला पाच मिनिटं लागतात, हे खरं आहे. ते कुठे पाडायचं यात माझा अर्धा तास जातो. कॅमेरा दारावर फार उंच गेला की येणाऱ्याच्या टोपीचा माथा दिसतो, चेहरा दिसत नाही. पॅसेजच्या टोकाला पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळी समोरून येणारा माणूस नुसती काळी आकृती होतो. लालबागच्या जुन्या चाळीत भिंतीत ड्रिल घातलं की माती गळत राहते, स्क्रू पकडणारी गिट्टी धरत नाही.

परळच्या एका घरात ऑनलाइन किट लावलं होतं. कॅमेरा दिवसा झकास चालायचा, रात्री बंद-चालू व्हायचा. त्यांनी तीन कॅमेरे बदलले होते. मी मीटर लावला. अडॅप्टरपाशी बारा व्होल्ट होते, पण तीस-पस्तीस मीटर बारीक वायरीच्या दुसऱ्या टोकाला रात्री ते फार खाली यायचे. अंधार पडला की कॅमेऱ्याचे आयआर दिवे, म्हणजे अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे, पेटतात, करंट जास्त ओढला जातो आणि वायरीत व्होल्टेज पडतं. वायर बदलली, काम झालं. कॅमेऱ्यांत काहीच दोष नव्हता.

रेकॉर्डिंग जिच्यात साठतं त्या हार्ड डिस्कचंही तसंच. दोन मेगापिक्सलचे चार कॅमेरे प्रत्येकी दोन एमबीपीएसने सतत रेकॉर्ड करत असतील, तर दिवसाला साधारण ८६ जीबी भरतात. म्हणजे एक टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसून त्यावर नवीन लिहायला लागते. मे महिन्यात वीस दिवस कोकणात गेलेल्या कुटुंबाच्या घरी चौथ्या दिवशी चोरी झाली असेल, तर परत येईपर्यंत ते रेकॉर्डिंग गेलेलं असतं. किटच्या खोक्यावर हे कोणी लिहीत नाही.

आता एएमसी. पैसे घेऊन वर्षभर फोन न उचलणारे लोक आमच्या धंद्यात आहेत, त्यांच्याबद्दलचा राग मला मान्य आहे. पण ‘बिघडण्यासारखं काही नसतं’ हे लिहिणाऱ्याने वरळी किंवा वर्सोव्याला समुद्रासमोरच्या गॅलरीतला बीएनसी कनेक्टर, म्हणजे कॅमेऱ्याची वायर जोडायचा धातूचा जोड, एकदा उघडून बघावा. पावसाळा संपेपर्यंत तो हिरवा पडलेला असतो. आयआर दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो. रात्री त्या जाळ्यावरून प्रकाश परततो आणि चित्रात नुसता पांढरा धूर दिसतो. ओल्या फडक्याचं काम आहे, पण शिडी लावून ते कोणीतरी करावं लागतं.

डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या खोक्याच्या, आत घड्याळाचा एक बटण सेल असतो. तो मेला की लाईट गेल्यावर तारीख मागे जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, त्यानंतरच्या आठवड्यात मला याचेच कॉल होते. रेकॉर्डिंगवर चुकीची तारीख असेल तर पोलिसांसमोर आधी तीच निस्तरावी लागते. शिवाय असं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे, त्याआधी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५बी होतं.

पासवर्डचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो पूर्ण खोटा नाही. बसवणारे काही जण गिऱ्हाईकाची सिस्टिम स्वतःच्या फोनमध्ये ठेवतात. हे चूक आहे, आणि आम्हीच ते बोललं पाहिजे. पण स्वतः किट लावणारे कित्येक जण कारखान्यातून आलेला पासवर्डच ठेवतात, आणि तो कोणालाही ठाऊक असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. काम संपलं की मालकाने पासवर्ड स्वतः टाकावा, आणि अ‍ॅपमधल्या शेअरिंगच्या यादीत आपल्याशिवाय कोण आहे ते तिथल्या तिथे बघावं. मालक पासवर्ड टाकत असताना मी पाठ फिरवतो.

गिरगावात एक आजी एकट्या राहतात, मुलगा परदेशात. त्याने फोनवर सांगितलं होतं, कॅमेरा पलंगासमोर लाव. मी शिडीवर असताना आजींनी हळूच विचारलं, "बाळा, मी लुगडं बदलते तेव्हा पण दिसणार का रे त्याला?" मी खाली उतरलो, मुलाला फोन लावला. म्हटलं, "दादा, दार आणि स्वयंपाकघराचा उंबरा दिसेल असा लावतो, पलंग नको." तो जरा वेळ गप्प राहिला, मग हो म्हणाला. आजींनी जाताना हातावर लाडू ठेवला. ऑनलाइन किट हा फोन करत नाही.

‘चोर फिरकत नाही’बद्दल फार लिहीत नाही. दादरला एका घरात चोर टीव्हीखालचा डीव्हीआरच उचलून घेऊन गेला, त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगसकट. तेव्हापासून मी डीव्हीआर माळ्यावर किंवा कुलपाच्या कपाटात, हवा खेळेल असा ठेवतो, आणि ड्रिल काढायच्या आधी सेफ्टी डोअरची कडी आणि लॅच बघतो. ढिली असेल तर सांगतो, "काकू, कॅमेरा पुढच्या आठवड्यात लावू, आधी सुताराला बोलवा."