अपोलो जिन्यावर, सूझा गोदामात

लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयाचा मोठा जिना चढताना अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार फ्रांस्वा बुशेची दोन चित्रं समोर येतात: 'सूर्योदय' आणि 'सूर्यास्त' (१७५२-५३). दहा फुटांहून उंच. 'सूर्यास्ता'त दिवसभर रथ हाकून आलेला सूर्यदेव अपोलो समुद्रात थेटिस या जलदेवतेकडे उतरतोय. भोवती लाटांवर रेललेल्या जलपऱ्या, अंगावर म्हणाल तर नुसता उजेड. शाळेची पोरं त्यांच्यासमोरून रांगेनं जातात. कुठल्या बाईंनी कोणाचे डोळे झाकलेले मी तरी पाहिले नाहीत.

याच ब्रिटनमधल्या लिलावांत घेतलेली फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी या आपल्या आधुनिक चित्रकारांची सात चित्रं २०२३ मध्ये मुंबई कस्टम्सनं अश्लील म्हणून अडकवली, पुढे जप्तीचा आदेशही काढला. ऑक्टोबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हे कोर्टाला सांगावं लागलं! पदमसींवर तर १९५४ मध्येच चित्रांच्या अश्लीलतेवरून खटला होऊन ते सुटले होते.

अशी बातमी आली की ग्रुपवर ठरलेली जुंपते. एकाचं "युरोप बघा किती मोकळा", दुसऱ्याचं "आपली संस्कृती".

मोकळा वगैरे ठीक आहे, पण बुशेलाही देवांची आड लागायचीच. शेजारची बाई उघडी रंगवली तर बोभाटा. तिला प्रेमदेवता व्हीनस म्हटलं की महालात जागा. जिन्यावरची ती दोन चित्रं पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यातल्या भित्तिवस्त्रांसाठी काढलेली आणि गेली मादाम द पाँपादूरकडे, राजा पंधराव्या लुईच्या मर्जीतल्या बाईंकडे. फ्रेंच विचारवंत दिदेरोनं १७६१ मध्ये बुशेबद्दल लिहिलं की या माणसाकडे सगळं आहे, फक्त सत्य नाही. पुढे तर त्यानं बुशेची नीतीही काढली. आणि दिदेरो काही सनातनी नव्हे, फ्रेंच विश्वकोशाचा संपादक.

२०१८ मध्ये मँचेस्टरच्या कलादालनानं ब्रिटिश चित्रकार वॉटरहाउसचं नग्न जलपऱ्यांचं चित्र 'हायलस आणि अप्सरा' आठवडाभर उतरवून ठेवलं. स्त्रीचं शरीर कोण, कोणासाठी मांडतं, यावर चर्चा व्हावी म्हणून. गदारोळ झाला. मला उतरवणं पटलं नाही, प्रश्न मात्र पटला. बुशेच्या जलपऱ्या एकदा नीट बघा: सगळ्यांचा चेहरा जवळजवळ एकच, गाल गुलाबी, वय कुठलंच नाही.

असं बोलणं आपल्याकडे व्हावं, पण चित्रच कस्टम्सच्या ताब्यात असेल तर बोलायचं कशावर? सूझानं रेखाटलेल्या स्त्रियांत मला प्रेमापेक्षा राग जास्त दिसतो. यावर मित्रांशी तासभर भांडायला मला आवडेल.