याला बेअरिंग नसते

तालमीत मी डबल बासच्या, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या सर्वांत थोराड वाद्याच्या, ‘जी’ तारेवर ‘ए’ हा स्वर धरला आणि संचालकांनी हात वर करून सगळा वाद्यवृंद थांबवला. ते माझ्यावर रागावले असते तर चालले असते. पण त्यांनी मान वर करून वातानुकूलन यंत्राकडे पाहिले आणि ‘ही घरघर आधी बंद करून घ्या’ असे फर्मावले. माझे वादन यंत्राच्या बिघाडात जमा झाले, हा सल अजून गेलेला नाही.

ती घरघर म्हणजे वुल्फ टोन. वाजवलेला स्वर वाद्याच्या धडाच्या स्वतःच्या कंपनाला फार जवळ गेला, की तार आणि धड यांच्यात ऊर्जेची ओढाताण सुरू होते, एकाऐवजी दोन लगतची कंपने उभी राहतात आणि स्वर सलग न निघता गुरगुरत निघतो. माझ्या बासवर हे नेमके त्या ‘ए’ वरच, ११० हर्ट्झच्या आसपास, घडते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१६ च्या सुमारास या गुरगुरीवर संशोधन केले होते. नोबेल मात्र त्यांना प्रकाशाच्या विकिरणासाठी मिळाले. शहाणा माणूस वेळीच बाजूला झाला.

देखभाल विभागाचे गृहस्थ शिडी घेऊन आले, यंत्र निर्दोष आहे असे त्यांनी जाहीर केले आणि मग ते माझ्याकडे वळले.

‘वाजवा, साहेब.’

मी वाजवले. त्यांनी बासच्या पोटाला कान लावला आणि डोळे मिटले.

‘बेअरिंग गेले आहे.’

‘याला बेअरिंग नसते.’

‘मग तेच कारण.’

‘हे लाकडी वाद्य आहे हो!’

‘लाकडाला कंप सुटला, की आधी बूड तपासावे. शेवटची सर्व्हिसिंग कधी केली होती?’

एवढे बोलून त्यांनी घोडीच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीच्या, बाजूला सबंध तळवा दाबून धरला, आणि गुरगुर थांबली. मागून टाळ्या पडल्या. संचालकांनी तर त्यांना, कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी मोकळे आहात का, असेही विचारले. गृहस्थांनी नोंदवहीत ‘बास तपासला, आवाज आहे, कंपनीस कळवावे’ असे लिहून त्याखाली माझी सही घेतली.

यावरचा रूढ उपाय म्हणजे आत रबर असलेली छोटी पितळी नळी, जी घोडी आणि टेलपीस (तारांची खालची टोके अडकवलेली पट्टी) यांच्यामधल्या तारेवर बसवतात. ती केसभर सरकली तरी गुरगुर शेजारच्या स्वरात जाऊन बसते; दोन स्वरांच्या मधल्या फटीत तिला कोंडता आले, तर नशीब. चेलोवाले गुडघ्यांनी धड आवळून वेळ मारून नेतात. आम्ही कपाटाएवढे धूड कशाने आवळावे? एवढे महागडे वाद्य विकणारा मात्र ‘चांगल्या बासला हे असतेच’ असे हसत सांगतो, जणू दोष ही वर दिलेली भेट आहे. अखेर खोलीचे दार लावून, श्वास रोखून, ती नळी मी योग्य जागी बसवली. गुरगुर गेली आणि तिच्याबरोबर ‘ए’ मधला जीवही गेला. आता संचालकांची तक्रार आहे, की त्या ठिकाणी बास ऐकूच येत नाही.