विलंबित पोट

गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या देवळांत उत्सवाची बैठक ऐकायला जाणाऱ्याने पोट घरी ठेवून जावे, असे माझे ठाम मत झाले आहे. गायिका जयपूर घराण्याच्या. तंबोरे जुळले, बाईंनी नट कामोदातला षड्ज लावला, सभामंडप चिडीचूप झाला, आणि मागच्या रांधपघरातून खतखत्यातल्या, म्हणजे मिश्र भाजीतल्या, तिरफळांचा वास आला.

माझ्या पोटाने लांबलचक ‘घुर्रर्र’ केले. शेजारच्या काकांनी आधी माझ्याकडे, मग लाउडस्पीकरकडे पाहिले. सज्जन माणूस!

आता यात माझा काय दोष? जठर रिकामे झाले की दर ९० ते १२० मिनिटांनी आकुंचनाची एक लाट उठते आणि उरलासुरला कचरा झाडत लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते. मोटिलिन नावाचे संप्रेरक तिला उठवते. आत हवा आणि पाणी, आवाज दाबायला अन्न नाही, त्यामुळे फेक खणखणीत. जठराची लय मिनिटाला ३. किराणा घराणेवाल्यांनीही कान पकडावेत असा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ ठेका! ती लय जठरातल्या कहाल पेशी धरतात. मेंदूची परवानगी लागत नाही. मेंदूकडे येतात त्या फक्त तक्रारी. पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हमधले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर निरोप नेणारेच आहेत. ते निरोप शेवटी मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागात पोचतात, आणि माझ्या इन्सुलाला गाण्याचे अंग नाही. त्यातून आमच्याकडे जेवण साडेसातला. ठरलेली वेळ झाली की जठर ग्रेलिन हे भुकेचे संप्रेरक सोडते, भूक खवळते. (ग्रेलिन १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधले. वेळेची भूक आमच्या आजीला आधीपासून ठाऊक होती.)

मी श्वास रोखला, पोट आत ओढले, वर उपरणे दाबले. जितके लक्ष पोटाकडे, तितकी गुरगुर मोठी. बाई सुंदर तान घेऊन समेवर आल्या, थांबल्या, आणि त्या शांततेत माझीही सम आली. मागून कुणीतरी “व्वा!” म्हणाले. कुणाला, ते वळून बघायचा धीर झाला नाही.

साडेआठला पाने मांडली. पोट भरल्याची वर्दी वर पोचायला वीसेक मिनिटे लागतात म्हणे. तेवढ्यात मणगण्याचा, म्हणजे चणाडाळीच्या खिरीचा, वाढपी तीनदा येऊन गेला.

उत्तररात्री बागेश्री सुरू झाला तेव्हा डोळे मिटून माझी मान डुलत होती. काकांनी कौतुकाने गुडघ्यावर थाप मारली तेव्हा दचकून जागा झालो.

“तुमकां गाणें कळटा हां, बाब!”